मळणीयंत्राची आठ महिन्यांची हजेरी

खोकं उघडल्याबरोबर धाकट्यानं त्याचं नाव ठेवलं, मळणीयंत्र. मी त्याला समजावलं, बाळा, मळणी शेतात होते, कणसांची. हे पीठ मळणारं यंत्र आहे. तो म्हणाला, ‘‘म्हणजे मळणीयंत्रच ना?’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे स्टँड मिक्सर हा शब्द कोणी वापरत नाही. आता आठ महिने झाले, दर आठवड्याला पिझ्झाचं पीठ त्यात मळलं जातंय, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले.

आधी मी ते कशासाठी घेतलं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

शुक्रवारी बायकोची दुसरी पाळी असते, घरी यायला साडेनऊ होतात. त्या रात्रीचं जेवण माझ्याकडे. शुक्रवार म्हणजे पिझ्झा आणि तोही घरीच केलेला, असा नियम मीच कधीतरी जोशात करून ठेवलाय. दोन वर्षं हातानं पीठ मळायचो. सहाला घरी, सव्वासहाला यीस्ट कोमट पाण्यात, मग मळणं, मग झाकून ठेवणं, मग दर दहा मिनिटांनी कापड उचलून फुगलं का ते बघणं. पहिला पिझ्झा ओव्हनमधून निघायचा पावणेनऊला. एकदा धाकटा टेबलावरच डोकं टेकून झोपला आणि त्याला उठवून घास भरवावे लागले. त्या रात्री पिठानं बरबटलेला ओटा पुसताना मी ठरवलं, हे मळण्याचं लचांड आता यंत्राच्या गळ्यात घालायचं.

मी कारखान्यात देखभाल विभागात आहे. मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग हेच रोजचं. नव्या पोरांना आम्ही पहिलं हेच शिकवतो की पाना उचलायच्या आधी बिघाड कुठे आहे ते बघ. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र मी आधी पाना उचलला.

यंत्राबद्दल म्हणाल तर पावणेपाच लिटरचं स्टीलचं भांडं, वरचं डोकं मागे कलतं, सोबत तीन अवजारं, केकसाठी चपटं, फेटायला तारांचं आणि पिठासाठी हुक. खोक्यावर ठळक अक्षरात १००० वॉट. या आकड्याला भुलू नका. वॉट म्हणजे मोटर वीज किती खाते एवढंच. हुकाच्या टोकाला जोर किती पोचतो ते त्यातून कळत नाही. तो ठरतो आतल्या गिअरवर. कमी वॉटचं पण चांगल्या गिअरचं यंत्र घट्ट पीठ निवांत फिरवतं आणि जास्त वॉटचं हलकं यंत्र नुसतं किंचाळतं. आमचं या दोहोंच्या मधलं. किंचाळतं, पण फिरवतं.

दुसरा आकडा पिठाचा. खोक्यावर लिहिलं होतं, दीड किलो पिठापर्यंत. मी पहिल्याच आठवड्यात उत्साहानं एक किलो मैदा घातला, पाणी जरा कमी, आणि लवकर उरकावं म्हणून वेग चारवर केला. मग पाठ फिरवून चीज किसायला लागलो. ‘‘बाबा!’’ अशी आरोळी ऐकू आली तेव्हा यंत्र ओट्यावरून थडथड नाचत काठापर्यंत पोचलं होतं. थोरलीनं एका हातानं भांड्याचा कान धरला होता आणि दुसऱ्या हातानं ती बटण शोधत होती. बटण सापडायच्या आधीच यंत्र आपणहून बंद पडलं. ताण वाढला की मोटर बंद करणारं संरक्षण आत असतं, ते चाललं, ही जमेची बाजू. मोटरच्या तारांवरच्या गरम वार्निशचा तो ओळखीचा वास मात्र स्वयंपाकघरात दोन दिवस राहिला. बऱ्याच स्टँड मिक्सरमध्ये गिअरच्या साखळीत एक गिअर मुद्दाम कमजोर ठेवतात, की फारच ताण आला तर तो तुटावा आणि मोटर वाचावी. आमच्यात तसा आहे का ते मी अजून उघडून बघितलेलं नाही. बायकोनं शपथ घातली आहे.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, ‘‘सर, खोक्यावरचा आकडा पातळ मिश्रणाचा आहे. घट्ट पिठाचा आकडा पुस्तिकेत आहे.’’ पुस्तिकेत बारीक टायपात एक तक्ता होता खरा. ब्रेड आणि पिझ्झा, ७०० ग्रॅम मैदा, वेग एक किंवा दोन, सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. चूक माझीही होती, मी पुस्तिका वाचली नव्हती. पण दीड किलो ठळक आणि सातशे बारीक, हा हिशोब काही मला पटलेला नाही. तुम्ही कुठलंही यंत्र घ्या, पैसे मोजायच्या आधी पुस्तिकेतलं ते पान शोधा.

हुक. आमचा हुक इंग्रजी सी अक्षरासारखा आहे. तो पिठाला भांड्याच्या कडेवर आपटत आपटत तिंबतो. त्याची खोड अशी की पाच मिनिटांत गोळा हुकावर चढत चढत वरच्या चकतीला जाऊन भिडतो आणि तिथे लोंबकळत गोल गोल फिरतो. म्हणजे यंत्र चालू, आवाज चालू आणि मळणं शून्य. थांबवायचं, ओल्या हातानं गोळा खाली ओढायचा, पुन्हा चालू करायचं. एका घाण्याला दोनदा तरी. मळसूत्रासारखा पीळ असलेला हुक पिठाला खाली दाबत राहतो, त्यात ही कटकट कमी होते. पर्याय असेल तर तसला हुक बघून घ्या.

आणि पीठ कमी असेल तर उलटी तऱ्हा. २५० ग्रॅम मैद्यात हुकाच्या हाताला काही लागतच नाही. मधे एक चिकट भोवरा फिरतो आणि तळाला कोरडा मैदा तसाच. कललेल्या डोक्याच्या बहुतेक यंत्रांना बिजागरीपाशी एक स्क्रू असतो, त्यानं डोकं थोडं वरखाली होतं आणि तळाची फट कमीजास्त करता येते. भांड्यात एक नाणं टाकायचं, चपटं अवजार लावून सगळ्यात कमी वेगावर फिरवायचं. नाणं हळूहळू सरकत गेलं तर फट बरोबर. जागचं हललं नाही तर फट जास्त, सतत ढकललं जात राहिलं तर अवजार फार खाली आलंय. मी पाव फेरा दिला आणि तळाचा कोरडा मैदा निम्म्यावर आला. तरी ५०० ग्रॅमच्या खाली मी यंत्र लावत नाही, हातानंच करतो.

चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. ५०० ते ७०० ग्रॅम मैदा, वेग दोन, आठ मिनिटं, की पीठ सुरेख होतं. चिमूटभर घेऊन बोटांनी हळूहळू ताणलं तर पडद्यासारखं पातळ होतं, पलीकडची बोटं धूसर दिसतात आणि तरी फाटत नाही. मैद्यातली दोन प्रथिनं पाण्यात भिजली की एकमेकांना धरतात आणि ग्लूटेनचं जाळं तयार होतं. मळणं म्हणजे ते जाळं ओढून ताणून सरळ करणं. हाताला हेच करायला बारा ते पंधरा मिनिटं लागतात आणि सैल पीठ असेल तर कोपरापर्यंत चिकटतं. यंत्राला चिकटण्याचं काही वाटत नाही, त्यामुळे पाणी थोडं जास्त घालायची भीड चेपते. आमचा पिझ्झा सुधारला असेल तर त्याचं थोडं श्रेय या निर्लज्जपणाला.

एक गोष्ट पुस्तिकेत नव्हती. हुकाच्या घर्षणानं पीठ तापतं. मी कारखान्यातल्या सवयीनं तापमापक खुपसून बघितलं. साध्या पाण्यात भिजवलेलं पीठ आठ मिनिटांनी ३१ अंशांवर होतं. असं गरम पीठ चिकट लागतं आणि वेड्यासारखं फुगतं. आता फ्रिजमधलं गार पाणी घालतो, पीठ २५ च्या आसपास निघतं. इन्स्टंट यीस्टला कोमट पाण्याची गरजच नसते, ते सरळ मैद्यात मिसळलं तरी चालतं. आधी पाण्यात फुलवावं लागतं ते जाड दाण्यांचं सुकं यीस्ट. दोन वर्षं मी इन्स्टंट यीस्टला कोमट पाण्याची अंघोळ घालत होतो, उगाच.

हातानं मळताना न होणारी एक चूक यंत्रात होते, ती म्हणजे मीठ विसरणं. पुढे मी पीठ आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवायला लागलो, तेव्हाची ही गोष्ट. एका गुरुवारी फोन आला, बोलता बोलता मी बटण दाबलं आणि मीठ वाटीतच राहिलं. हाताला ते लगेच कळलं असतं, कारण बिनमिठाचं पीठ सैल आणि चिकट लागतं, त्याला ताठपणा येत नाही. मीठ ग्लूटेन घट्ट करतं आणि यीस्टला लगामही घालतं. सकाळी फ्रिज उघडला तर डब्याचं झाकण वर उचललेलं आणि पीठ कडेवरून वाकून बघत होतं. थोरलीनं संध्याकाळी पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘‘बाबा, हा आजारी माणसाचा पिझ्झा आहे का?’’ आता मिठाची वाटी मी बटणाला टेकवून ठेवतो. ती हलवल्याशिवाय यंत्र चालूच करता येत नाही.

एवढं सगळं जमल्यावरही शुक्रवारचं जेवण किती वाजता झालं? सव्वाआठ, साडेआठ. मुलं तशीच पेंगलेली. तेव्हा कुठे मी कागद घेऊन बसलो आणि एकेका कामाची मिनिटं लिहिली. मळणं बारा मिनिटं होतं, ते आठवर आलं. भांडं, हुक आणि ओटा पुसणं सात मिनिटं, हे नव्यानं वाढलं. आणि पीठ फुगायची वाट बघणं, दीड ते दोन तास, ते होतं तिथेच. ज्या कामाला वेळ लागतच नव्हता ते मी यंत्राकडे दिलं होतं. हे शोधून काढायला दीड महिना लागला. कारखान्यात कोणाला सांगितलेलं नाही.

वाट बघायची ती रात्री झोपेत बघावी, एवढा साधा उपाय. गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर पीठ करायचं, अर्धा तास बाहेर ठेवायचं, गोळे करून तेलाचा हात लावायचा आणि झाकणाच्या डब्यांत घालून फ्रिजमध्ये. यीस्ट अगदी थोडं. चार अंशांच्या आसपास यीस्ट मरत नाही, नुसतं रेंगाळतं. मैद्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, तेवढ्यात पिठूळ भागाची साखर करत राहतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चवही येते आणि कड छान तांबूस होते. २४ तासांत पीठ चांगलं होतं, ४८ तासांत उत्तम. ७२ च्या पुढे आमच्याकडे ते ढिलं पडून फाटायला लागतं.

माझं आताचं माप असं आहे. ७०० ग्रॅम मैदा, ४५५ ग्रॅम पाणी, १४ ग्रॅम मीठ, १४ ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि पाऊण छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. बेकरीवाले मैदा नेहमी १०० धरतात आणि बाकीचं त्याच्या टक्क्यांत मोजतात. म्हणजे हे पाणी ६५ टक्के, मीठ २ टक्के. एकदा हे डोक्यात बसलं की ३०० ग्रॅमचं करा नाहीतर ३ किलोचं, कृती पुन्हा बघावी लागत नाही. यीस्ट तेवढं चमच्यानं, कारण स्वयंपाकघरातला काटा दोन ग्रॅम नीट पकडत नाही. मैदा घेताना पाकिटामागे प्रथिनं बघा. १०० ग्रॅमला ११ ते १३ असतील तर ६५ टक्के पाणी झेपतं. ९ असतील तर पाणी ६० वर आणा, नाहीतर लापशी होईल.

काट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी खरेदी तीच. एक कप मैदा म्हणजे किती? सैल भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५०. चार कपांत १२० ग्रॅमचा फरक पडतो. त्यामुळेच माझं पीठ एका शुक्रवारी दगड आणि पुढच्या शुक्रवारी चिखल व्हायचं, आणि मी दोष द्यायचो स्वतःच्या हाताला. तळहाताएवढ्या काट्यानं दोन वर्षांचं भांडण मिटवलं. यंत्राच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही. आधी काटा घ्या. मग सहा महिने थांबा. मग यंत्राचं बघा.

तर मग यंत्राची गरज आहे तरी का, हा प्रश्न आईनं पहिल्याच दिवशी विचारला होता. ‘‘अरे, एवढ्याशा गोळ्यांसाठी हे धूड? माझे हात काय झिजलेत?’’ तेव्हा मी हसून सोडून दिलं. गुरुवारची पद्धत बसल्यावर मात्र मला स्वतःलाच राहवेना आणि एका बुधवारी रात्री मी परीक्षाच घेतली. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, सगळं काट्यावर सारखं, तीन भांडी. पहिलं यंत्रात, आठ मिनिटं. दुसरं आईकडे. तिसरं कोणी मळायचंच नाही. चमच्यानं एकत्र करायचं आणि दर अर्ध्या तासानं ओल्या हातानं चारी बाजू वर ओढून मधे दुमडायच्या, असं तीनदा. ही न मळण्याची युक्ती माझी नव्हे. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जिम लाही या बेकरची बिनमळणीच्या ब्रेडची कृती वर्तमानपत्रात आली आणि जगभर घरोघरी गाजली. भरपूर पाणी, चिमूटभर यीस्ट आणि बारा ते अठरा तास. ग्लूटेनचं जाळं बसल्या बसल्या आपणच जुळतं.

आईचं मळणं बघण्यासारखं असतं. ती परातीसमोर उभी राहते, डावा हात परातीच्या काठावर, उजव्या तळव्याची टाच पिठात घुसवते आणि सगळं वजन खांद्यातून सोडते. पीठ पुढे सरकतं, बोटं त्याला दुमडून मागे आणतात, परात अंमळ फिरते, पुन्हा टाच. एकही क्षण घाई नाही. मधेच ती थांबते, अंगठा खुपसते, खळगा किती वेगानं भरतोय ते बघते आणि ‘‘अजून नाही’’ म्हणते. आमच्या यंत्राला हे थांबणं येत नाही. तेरा मिनिटांनी तिनं गोळा माझ्या हातात ठेवला. तो कानाच्या पाळीसारखा मऊ होता.

शुक्रवारी तिन्ही पिझ्झे एकाच सॉसचे, एकाच चीजचे. कुठला कोणाचा हे फक्त मला माहीत. डब्यांना खालून एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. थोरली म्हणाली, तिसऱ्याच्या कडेला मोठमोठी भोकं आहेत, तोच बाहेरच्यासारखा. धाकट्याला पहिला आवडला, कारण त्यावर चीज जास्त होतं, असं त्याचं म्हणणं. खरं तर नव्हतं. पहिला आणि दुसरा यांत मला स्वतःला फरक सांगता आला नाही. आईनं दुसऱ्याचा तुकडा उचलला, कड उलटून बघितली आणि म्हणाली, ‘‘हा माझा.’’ मी चकित. कसं ओळखलंस म्हणून विचारलं तर कडेला खालून मारलेला नखाचा चिमटा दाखवला. बुधवारी रात्रीच खूण करून ठेवली होती माउलीनं.

पुढच्या आठवड्यात तीच परीक्षा फ्रिजशिवाय घेतली. यीस्ट वाढवलं आणि दोन तासांत पिझ्झा. तेव्हा मात्र न मळलेला गोळा ताणताना मधोमध टरकन फाटला, सॉस ओव्हनच्या तळाला गेला आणि धुराचा अलार्म वाजला. यंत्राचा आणि आईचा व्यवस्थित ताणले गेले. म्हणजे रात्र हाताशी असेल तर न मळताही चालतं आणि रात्र नसेल तर मळण्याला पर्याय नाही. यंत्राचं खरं काम तिथे. अचानक ठरलं, पाहुणे आले, गुरुवारी विसरलो, तर यंत्र लाज राखतं.

आणखी दोन ठिकाणी ते उपयोगी पडतं. एक, जास्तीचे गोळे करून ठेवायचे असतील तर. मी महिन्यातून एकदा सलग दोन घाणे लावतो, मधे मोटरला वीस मिनिटं विश्रांती देऊन. दुसऱ्या घाण्याचे पाच गोळे तेल लावून वेगवेगळ्या पिशव्यांत, थेट फ्रीझरमध्ये. दोन-अडीच महिने छान राहतात. हवे असतील त्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचे. दुसरं, हात. हिवाळ्यात आईचं मनगट दुखायला लागलं. एका गुरुवारी मी उशिरा आलो तर स्वयंपाकघरातून ओळखीचं किंचाळणं ऐकू येत होतं आणि आई बाजूला स्टूल टाकून यंत्राकडे बघत बसली होती. मला बघून म्हणाली, ‘‘नुसतं बघत होते, चालतंय का ते.’’ भांड्यात ७०० ग्रॅम मैदा होता.

ताणण्याबद्दल थोडं, कारण चांगलं पीठ लोक इथे वाया घालवतात. लाटणं नको. इटलीतल्या नेपल्समध्ये १९८४ पासून अस्सल पिझ्झ्याचे नियम सांभाळणारी एक संस्था आहे, तिच्या नियमांत पीठ यंत्रात मळायला परवानगी आहे, पण पसरायचं ते हातानंच. कारण साधं आहे. लाटण्यानं कडेची हवा निघून जाते. बोटांनी मधून बाहेर दाबत जायचं, कडेचं बोटभर सोडून. गोळा आक्रसून परत यायला लागला तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. झाकून पंधरा मिनिटं सोडून द्या, रुसवा जातो. फ्रिजमधून काढल्यावर तासभर बाहेर राहिलेला गोळा तर आपणहूनच पसरतो.

ओव्हनचं एवढंच. नेपल्सच्या भट्ट्या चारशे अंशांच्या वर तापतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. आपला घरचा ओव्हन २५० वर थकतो. जाड लोखंडी पत्रा किंवा बेकिंग स्टोन आत ठेवून पाऊण तास तापवा, पिझ्झा आठ-नऊ मिनिटांत होतो आणि बूड कच्चं राहत नाही. मी कारखान्यातून आठ मिलिमीटरचा एक तुकडा कापून, घासून, तेल पाजून आणला आहे. तो यंत्रापेक्षा जड आहे, नाचत मात्र नाही.

तक्रारी अजून दोन. यंत्र आठवडाभर पडून राहिलं की वरच्या चकतीच्या कडेला तेलाचा काळसर थेंब जमतो. गिअरच्या ग्रीसमधलं तेल सुटून खाली उतरतं, म्हणजे यंत्र बिघडलं असं नाही, पण तो थेंब पिठात पडला तर पीठ गेलं. सुरू करण्याआधी तिथे कापड फिरवायची सवय लावा. आणि आवाज. वेग दोनवरही बारीक शिट्टीसारखा सूर येतो, रात्री दहाला तो भिंतीपलीकडे जातो. शेजारच्या काकूंनी एकदा हसतच विचारलं, ‘‘रोज रात्री भिंतीला भोकं कसली पाडताय?’’ खाली जाड रबरी चटई घातल्यापासून नाचणं पूर्ण थांबलं, शिट्टी तेवढी निम्मी झाली. धुताना भांड्यात गरम पाणी ओतू नका, पीठ डिंकासारखं चिकटून बसतं. गार पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, सालपटासारखं निघतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर यंत्राला तीन. घरात दोघंच असाल, आठवड्यातून एकदाच पीठ करत असाल आणि हात धड असतील तर घेऊ नका, ओट्यावरची जागा अडेल. माणसं जास्त असतील, महिन्याचे गोळे एकदम करून ठेवायचे असतील किंवा कोणाचं मनगट दुखत असेल तर घ्या, पण पुस्तिकेतला आकडा बघून. काट्याला पाच. फ्रिज आधीपासूनच घरात होता, त्याला गुण देणं बरोबर दिसणार नाही.

७०० ग्रॅम मैद्यात पाच गोळे होतात, प्रत्येकी २३५ ग्रॅमच्या आसपास. साडेपाचला थोरली शाळेतून आल्यावर चार बाहेर काढून ठेवते, ते तिचं काम. मी सहाला आल्या आल्या ओव्हन लावतो, सातला पहिला पिझ्झा मधे ठेवून चौघं तुटून पडतो आणि पावणेआठपर्यंत चारही संपलेले असतात. पाचवा फ्रिजमध्येच. तो साडेआठला काढायचा आणि नऊला पत्रा पुन्हा तापत घालायचा. पूर्वी बायकोसाठी ताटलीखाली झाकलेले दोन गार तुकडे असायचे. आता ती चपला काढून हात धुते तोवर मी गोळा पसरतो, ती कपडे बदलते तोवर चीज उकळत असतं. परवा तिनं कडेचा गरम तुकडा मोडला, वाफ निघाली, फुंकर मारत म्हणाली, ‘‘मळणीयंत्राचा का?’’

‘‘नाही,’’ आई आतल्या खोलीतून ओरडली, ‘‘आज माझा आहे. कड उलटून बघ.’’